पानाच्या बगलेतले काटे

पेरेस्किया ग्रँडिफोलियाच्या फांदीचा शेंड्याकडचा वीतभर भाग डोळ्यांसमोर धरावा आणि बाकीचं झाड तात्पुरतं विसरावं. पानं साधी, लांबट, बोटांना जराशी मांसल लागणारी. मधली शीर ठसठशीत, बाजूच्या शिरा सहज मोजता येतील अशा. कुंपणाच्या कुठल्याही झुडपाला शोभावीत अशी ही पानं. पण पान फांदीला जिथं जोडलेलं असतं त्या बगलेत भिंग नेलं, की करड्या लोकरीची एक चिमुकली गादी दिसते आणि तिच्यातून दोन-चार काळपट काटे वर आलेले असतात. या गादीला एरिओल म्हणतात. कॅक्टस कुलातलं झाड ओळखायला एवढी एक खूण पुरते. अॅरिझोनातल्या सग्वारोचा चाळीस फुटी खांब असो की खिडकीतल्या कुंडीतला लिंबाएवढा गोळा, एरिओल असतंच; आणि कॅक्टसखेरीज इतर कुठल्याही कुलात ते सापडत नाही. म्हणजे खोडाला साल, फांद्यांना पानं आणि बुंध्यात लाकूड असलेलं हे झाड कॅक्टसच ठरतं.

एरिओल म्हणजे नेमकं काय, हे कळल्याशिवाय पेरेस्कियाची गोडी लागत नाही. पानाच्या बगलेत प्रत्येक झाडाला एक डोळा असतो. माळी डोळा भरून कलम करतात तो हाच. एरवी तो फुटला की नवी फांदी लांब होत जाते. कॅक्टसमध्ये डोळा फुटतो, पण फांदी लांबत नाही. ती जागच्या जागी दबून गादीसारखी राहते आणि तिच्यावर यायची ती पानं काटे होऊन येतात. तेव्हा कॅक्टसचा काटा हे मुळात पान आहे. पुढं फूल येतं ते याच गादीतून, आणि नवी फांदी फुटते तीही इथूनच. हे सगळ्याच कॅक्टसांना लागू आहे, पण बाकीच्या बहुतेकांत त्यावर पुस्तकाच्या भरवशानं विश्वास ठेवावा लागतो. पान नावाची वस्तू तिथं दिसतच नाही. पेरेस्कियात खाली पान, त्याच्या बगलेत गादी, गादीत काटे असा क्रम उघड्यावर मांडलेला असतो. व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ग्वामाचोसारख्या जातींत तर एकाच गादीतून काटेही निघतात आणि हिरवी पानंही. एकाच जागेवरून निघालेल्या दोघांपैकी एक कडक टोकदार झालेलं, दुसरं पसरट हिरवं राहिलेलं. पान काटा कसा झाला हे इतक्या सरळ दाखवणारं दुसरं झाड मला माहीत नाही.

इथं आपल्याकडच्या काट्यांशी ताडून पाहायला हवं, कारण नजर त्यावरच तयार होते. गुलाबाचा काटा सालीचा असतो. आडवा दाबला की सुटून येतो, मागं नुसता व्रण राहतो. बोगनवेलीचा काटा म्हणजे फांदीच. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग मांसल असतो, काटेरी असतो, कोणीही त्याला बेधडक कॅक्टस म्हणेल. पण त्याचे काटे जोडीजोडीनं येतात, त्यांच्या बुडाशी लोकरीची गादी नसते, आणि खोडाला नख लावलं की पांढरा चीक गळतो. तो एरंडाच्या कुळातला. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला. मांसलपणा पाहून नातं ठरवायला गेलं तर त्रिधारी आत येतो आणि पेरेस्किया बाहेर राहतं. गादी पाहिली तर बरोबर उलट होतं.

आता शेंडा सोडून बुंध्याकडं यावं. इतर झाडांत जून खोडावर काट्यांची झीज होते, ते गळतात. पेरेस्कियाचं एरिओल वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि दर हंगामाला थोडे काटे वाढवत जातं. कोवळ्या फांदीवर दोन-चार असलेले काटे म्हाताऱ्या खोडावर भरगच्च झुबके होऊन बसतात, तेही तपकिरी सालीतून बाहेर आलेले. झाडाचा सर्वांत जुना भाग सर्वांत जास्त काटेरी, हा उलटा न्याय मला फार आवडतो. आकारही लहान नव्हे. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेपर्यंतच्या कोरड्या रानात वाढणारी लिक्निडिफ्लोरा ही पेरेस्कियाची जात म्हणजे दहा मीटरवर जाणारा वृक्ष आहे. त्याच्या एरिओलात बहुधा एकच काटा, पण सुईसारखा लांब. अॅक्युलिएटाची तऱ्हा वेगळी. ती चढणारी जात; तिच्या कोवळ्या फांदीवर पानाच्या बगलेत मांजराच्या नखासारखे मागं वळलेले दोन आखूड काटे असतात, शेजारच्या झाडाला धरून वर जाण्यासाठी. तीच फांदी जून झाली की तिथूनच सरळ, लांब काटे निघू लागतात. चढण्याचं काम संपलं, आता राखणीचं सुरू.

फुलाबद्दल सगळेच बोलतात, कारण ते रानगुलाबासारखं दिसतं. ग्रँडिफोलियाची फुलं गुलाबी, झुपक्यानं येणारी. मध्ये पिवळ्या केसरांची दाटी. आपल्या नर्सऱ्यांत रोझ कॅक्टस म्हणून जे विकतात ते हेच किंवा याचं भावंड. दिसण्यातलं साम्य खरं, पण रंग मात्र मुळातच निराळा. गुलाबाचा गुलाबी रंग अँथोसायनिनचा; पेरेस्कियाचा बीटालेनचा, म्हणजे बिटाच्या रसाला लाल करणाऱ्या रंगद्रव्यांच्या घरचा. कॅक्टस कुलात अँथोसायनिन नाहीच. त्याची खरी सोयरीक चिनी गुलाबाशी आणि भाजीच्या घोळीशी आहे. ही मंडळी कॅक्टसच्या अगदी जवळच्या नात्यातली. घोळीचं जाडसर, गुळगुळीत, किंचित बुळबुळीत पान चिमटीत धरावं आणि मग पेरेस्कियाचं पान धरावं. हे नातं बोटांना लगेच पटतं.

फुलात माझ्या मते पाकळ्यांपेक्षा खालची वाटी जास्त पाहण्यासारखी आहे. कॅक्टसच्या फुलात किंजपुट, म्हणजे ज्याचं पुढं फळ होतं तो भाग, खोडाच्या टोकात बुडालेला असतो. खोड त्याला चहूबाजूंनी वेढून घेतं, म्हणून फळाच्या अंगावर खोडाच्या सगळ्या खुणा राहतात. फड्या निवडुंगाच्या बोंडावर काटेरी ठिपके असतात ते त्यामुळंच. पेरेस्कियात त्या वाटीवर चक्क लहान पानं असतात, त्यांच्या बगलेत एरिओल असतात, आणि काही जातींत त्या एरिओलांतून पुन्हा नवी फुलं येतात. मग फळाला फळ लागून घोस लोंबू लागतो. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात फळ आणि खोड यांची व्याख्या वेगवेगळ्या पानांवर शिकवतात. हा घोस हातात घेतला की ती दोन पानं एकमेकांना चिकटतात. बरं, सगळ्या जातींत किंजपुट सारखंच बुडालेलंही नाही. अॅक्युलिएटात ते वर, उघड्यावर आहे, साध्या फुलांत असतं तसं. इतर जातींत कुठं अर्धवट बुडालेलं, कुठं पुरतं. एकाच वंशात बुडण्याच्या इतक्या पायऱ्या सापडाव्यात, ही गोष्ट वर्गीकरण करणाऱ्यांना पुढं चांगलीच नडली.

वंशाचं नाव शार्ल प्ल्युमिए यानं दिलं, १७०३ साली. प्ल्युमिए हा फ्रेंच धर्मबंधू; चौदाव्या लुईच्या आश्रयानं त्यानं कॅरिबियन बेटांच्या तीन सफरी केल्या आणि माणसांच्या नावावरून वनस्पतींची नावं ठेवण्याची चाल रूढ केली. बिगोनिया, मॅग्नोलिया, फ्युशिया ही नावं त्याची. आपल्या देवळांच्या आवारातल्या देवचाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते पुढं त्याच्याच नावावरून पडलं. पेरेस्किया हे नाव त्यानं निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्क या प्रोव्हान्सच्या विद्वानाला वाहिलं. पेरेस्क (१५८०–१६३७) हजारो पत्रं लिहिणारा, नाणी-शिलालेख-झाडं-मांजरं सगळं जमवणारा गृहस्थ; मृग नक्षत्रातला तेजोमेघ दुर्बिणीतून टिपणारा पहिला माणूस म्हणून १६१० सालची नोंद त्याच्या नावावर आहे. नाव देताना प्ल्युमिएनं त्याच्या आडनावातलं एक अक्षर गाळलं, आणि नामकरणाच्या नियमांपुढं कोणाचं काही चालत नसल्यानं ते गाळलेलंच राहिलं.

लिनियसनं १७५३ मध्ये सगळ्यांना कॅक्टस या एकाच वंशात कोंबलं. पेरेस्किया तिथं एक जात म्हणून उरलं. पुढच्याच वर्षी फिलिप मिलर या लंडनच्या उद्यानतज्ज्ञानं वंश पुन्हा वेगळा काढला. यात मला मिलरची बाजू घ्यावीशी वाटते. लिनियस मुख्यत्वे फुलांच्या हिशेबानं चालत होता, मिलर झाडं रोज पाहत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल शूमाननं कॅक्टस कुलाचे तीन भाग पाडले: पेरेस्कियाचा, फड्या निवडुंगांचा आणि उरलेल्या सगळ्यांचा. ही त्रिभागणी शंभर वर्षं टिकली.

टिकली, पण तिच्यात एक खोट होती. पेरेस्किया कशावरून ओळखायचं? तर पानं आहेत, खोड मांसल नाही, अंगावर धारा नाहीत, फड्या निवडुंगाला असतात तसे बारीक कुसळी काटे नाहीत. या यादीत नवं असं काहीच नाही. पानं आणि लाकूड तर कॅक्टस होण्याच्या आधीपासूनचा वारसा. बाकीचं सगळं ‘नाही’ या सदरातलं. ज्यांच्याजवळ इतरांनी नंतर मिळवलेलं काही नाही त्यांना एकत्र बसवलं, तर ते एकमेकांचे सख्खे निघतीलच असं नाही. तरी पुस्तकांतून पेरेस्कियाला कॅक्टसचा पूर्वज, आदिम कॅक्टस, जिवंत जीवाश्म असं बिनदिक्कत म्हटलं जात राहिलं. या शब्दांची मला चीड येते. आज उभं असलेलं झाड आज उभ्या असलेल्या दुसऱ्या झाडाचं पूर्वज असत नाही. कॅक्टस कुलाचा उगम सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. तेवढाच काळ पेरेस्कियानंही काढला आहे, तेवढेच दुष्काळ पाहिले आहेत.

१९८६ मध्ये बर्लिनच्या वनस्पती उद्यानातले स्विस शास्त्रज्ञ बेआट एर्न्स्ट लॉयेनबर्गर यांनी या वंशाचा प्रबंध प्रसिद्ध केला. प्रबंध म्हणजे एका वंशातली प्रत्येक जात, तिचं प्रत्येक नाव, प्रत्येक सुकवलेला नमुना तपासून केलेला निवाडा. हे काम किती किचकट याचं उदाहरण म्हणून ब्लेओ आणि ग्रँडिफोलिया या दोन जातींची गुंतागुंत सांगतो. ब्लेओचा नमुना हुम्बोल्ट आणि बोनप्लाँ यांनी कोलंबियातल्या माग्दालेना नदीकाठी गोळा केला, कुंट या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२३ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्याची फुलं शेंदरी-नारिंगी. ब्राझीलच्या गुलाबी ग्रँडिफोलियाचं नाव त्याआधी चार वर्षांचं, १८१९ सालचं. दोन्ही झुडपं मोठ्या पानांची, दोन्ही कुंपणाला सोयीची. बागांतून जगभर फिरता फिरता गुलाबी फुलांच्या झाडावर ब्लेओची पाटी लागली आणि पुस्तकांतही तीच चूक उतरत राहिली. लॉयेनबर्गर यांनी पाट्या जागच्या जागी लावल्या. बागांतली गल्लत मात्र अजून पुरती सरलेली नाही. रंग पाहून नाव लिहिलेलं असलं तर विश्वास ठेवावा, नाहीतर फूल येईपर्यंत थांबावं.

या दोन झाडांची पुढची गोष्ट अधिक मजेदार आहे. २००५ मध्ये एरिका एडवर्ड्स, रेटो निफेलर आणि मायकल डोनोह्यू यांनी पेरेस्कियाच्या जातींचा डीएनए इतर कॅक्टसांच्या डीएनएशी ताडून वंशावळ मांडली. तीत पेरेस्किया एका फांदीवर आलंच नाही, दोन ठिकाणी विभागलं गेलं. ब्लेओ, ग्वामाचो, लिक्निडिफ्लोरा आणि कॅरिबियन बेटांवरच्या जाती वगैरे आठ जाती एका फांदीवर, मुळाजवळच वेगळ्या झालेल्या. ग्रँडिफोलिया, अॅक्युलिएटा, सकारोसा वगैरे नऊ जाती दुसऱ्या बाजूला, आणि त्या बाजूला उरलेलं सगळं कॅक्टस कुलही. याचा सरळ अर्थ असा, की शंभर वर्षं जिच्यावर दुसरीची पाटी लागत होती ती ग्रँडिफोलिया तिच्याइतक्याच पानाळ ब्लेओपेक्षा पानं नसलेल्या, वाळवंटात खांबासारख्या उभ्या सग्वारोला जवळची आहे.

हे वाचल्यावर पहिली इच्छा होते ती झाडाकडं परत जाऊन पाहण्याची. डीएनएनं काढलेली रेघ झाडाच्या अंगावर कुठं दिसते का? दिसते, आणि ती फुलात, पानात, काट्यात कुठंच नाही. ती फांदीच्या कातडीत आहे. ब्लेओच्या गटात कोवळ्या फांदीवर साल लवकर धरते. हिरवेपणा थोडे दिवस, मग तपकिरी. शिवाय त्या हिरव्या कातडीवर त्वग्रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं नसतात; ती फक्त पानांवर. ग्रँडिफोलियाच्या गटात फांदी दीर्घकाळ हिरवी राहते आणि तिच्यावर त्वग्रंध्रं असतात. पुढं सग्वारोपर्यंत बहुतेक कॅक्टसांत खोडानं पानाचं काम अंगावर घेतलं, त्याची पूर्वतयारी ती एवढीच: साल धरायला उशीर करायचा आणि कातडीला छिद्रं ठेवायची. गंमत म्हणजे ग्रँडिफोलियाला या सोयीचा फारसा उपयोग नाही. खोडाच्या आतला हिरवा थर पातळ आहे, त्या थरातून पाणी आणि अन्न खेळवणाऱ्या नळ्या नाहीत. त्या नळ्या नंतरच्या जाड खोडाच्या कॅक्टसांत आल्या. झाड अन्न बनवतं ते पानांतच. जुन्या पुस्तकांत ज्या लक्षणाला कुणी ओळही दिली नसती, तिथं सगळी फाटाफूट येऊन ठेपते. वाचकाला खूश करणारी जागा हीच.

एडवर्ड्स आणि डोनोह्यू यांनी पुढच्या वर्षी आणखी एक प्रश्न लावून धरला. वाळवंटात पाणी जपून जगण्याची कॅक्टसची रीत त्याच्या जाड, पानं नसलेल्या रूपातून आली, की रीत आधीची आणि रूप मागाहून? त्यांनी रानात उभ्या पेरेस्कियांचं मोजमाप केलं. मुळं उथळ, पाऊस पडला की पाणी झटकन शोषून घेणारी. पानांची त्वग्रंध्रं कंजूष, थोडीच उघडणारी. खर्च होणाऱ्या पाण्याच्या मानानं कमाई चांगली. ताण पडला की ती मिटून घेतात, आणि काही जातींत रात्री श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर न सोडता आम्लाच्या रूपात साठवण्याची क्रिया बारीक प्रमाणात सुरू होते. वाळवंटी कॅक्टस जे रोज रात्री मोठ्या प्रमाणावर करतात त्याची ही फिकट आवृत्ती. म्हणजे चारचौघांसारख्या दिसणाऱ्या या पानाळ झाडाचा स्वभाव आधीच कॅक्टसचा आहे. रूप नंतर आलं, तेही सगळ्यांत नव्हे. जेव्हा मी ग्वामाचोचा फोटो पाहतो, उन्हाळ्यात पानं झाडून टाकलेला, उघड्या काटेरी फांद्यांवर पिवळी फुलं घेतलेला, तेव्हा मला त्यात अपुरं राहिलेलं कॅक्टस दिसत नाही. हा उद्योग पानांनीही साधतो हे दाखवणारं पूर्ण झाड दिसतं.

वंशाचं नाव मात्र तसंच ठेवता येईना. एका नावाखाली असलेल्यांचा पूर्वज एक असावा आणि त्या पूर्वजाची सगळी संतती त्या नावात यावी, असा आजच्या वर्गीकरणाचा आग्रह आहे. तो पाळायचा तर दोनच वाटा: सग्वारोसकट सगळ्या कॅक्टसांना पेरेस्किया म्हणावं, किंवा पेरेस्किया फोडावं. २०१३ मध्ये जोएल लोदे यांनी दुसरी वाट धरली आणि ब्लेओच्या गटातल्या आठ जातींना लॉयेनबर्गेरिया हे नाव दिलं. लॉयेनबर्गर तोवर वारले होते, २०१० मध्ये. त्यांनी ज्या वंशाला एक मानून आयुष्याची वर्षं घालवली, तो फुटल्यावर निम्म्याला त्यांचं नाव मिळालं. सन्मान म्हणावा की चिमटा, ठरवणं कठीण. पण त्यांच्या प्रबंधाशिवाय हा विभाग नीट पाडता आला नसता हेही खरंच. नकाशावरही विभाग बऱ्यापैकी जमतो: लॉयेनबर्गेरिया मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर काठ इथली, ऑरिफ्लोरा एवढी एकच जात फटकून पूर्व ब्राझीलमध्ये. उरलेलं पेरेस्किया मुख्यतः ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना, पेरू या बाजूचं.

फूट मला मान्य आहे, तरी एक रुखरुख उरते. कातडीवरची छिद्रं भिंगाखाली शोधून वंश ठरवायचा, हे रानात झाड पाहणाऱ्याला सोयीचं नाही. ब्राझीलच्या मिनास जेराइसमध्ये अॅक्युलिएटाची पानं कोंबडीच्या रश्श्यात घालतात, दक्षिण आफ्रिकेत तीच जात किनारी रानांवर चढून त्यांना गुदमरवते म्हणून तिच्यावर भुंगेरे सोडावे लागले. या दोन्हीकडच्या माणसांना ती ओळखायला वाकड्या काट्यांची जोडी पुरते. वर्गीकरणाची रेघ आणि ओळखण्याची खूण या दोन गोष्टी पेरेस्कियात पार वेगळ्या पडल्या आहेत.

सर्वांत पंचाईत झाली ती डॉमिनिकन प्रजासत्ताकात. तिथं बायाहिबे गावाजवळच्या किनारी कोरड्या रानात एक गुलाबी फुलांची जात आहे, नर आणि मादी झाडं वेगवेगळी असणारी. १९८० मध्ये तिचं वर्णन पेरेस्किया किस्केयाना या नावानं झालं आणि २०११ मध्ये कायदा करून तिला राष्ट्रीय फूल ठरवण्यात आलं, शास्त्रीय नावासकट. दोनच वर्षांत ती लॉयेनबर्गेरिया झाली. देशाच्या कायद्यात एक वंश आणि वनस्पतींच्या यादीत दुसरा, अशी तिची स्थिती आहे. लोक तिला बायाहिबेचा गुलाब म्हणतात, तेव्हा त्यांचं काही अडत नाही. ज्याचं अडतं त्यानं तिची यंदाची कोवळी फांदी शोधावी आणि ती किती लवकर तपकिरी होते ते पाहावं.